वैद्यांना न लागलेली ठकठक

औषधातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं, तरी अख्खा बाजार त्यांना वैद्य म्हणायचा. एकदा तर एक म्हातारे गृहस्थ खोकत खोकत गॅरेजच्या दारात आले आणि वैद्य कुठं बसतात म्हणून विचारू लागले. वैद्य तेव्हा एका टेम्पोखाली उताणे पडलेले होते. त्यांनी तिथूनच मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगितलं. गृहस्थ समाधानाने परत गेले, आणि धाकट्या भावाला हसू आवरेना म्हणून तो पाना टाकून मागच्या बाजूला पळाला.

नाव पडलं होतं ते हातामुळे. गॅरेज दोघा भावांचं. इंजिनाचं काम धाकट्याकडे, आणि चाकं, ब्रेक, स्टिअरिंग हे सगळं थोरल्याकडे, म्हणजे वैद्यांकडे. गिऱ्हाईक गाडीचं गाऱ्हाणं सांगू लागलं की वैद्य त्याला अर्ध्यावर थांबवायचे, किल्ली मागून घ्यायचे आणि गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत फिरवून आणायचे. टाकीचा रस्ता कायमचा उखडलेला. त्यावरून ते गाडी अगदी पायी चालल्यासारखी नेत, स्टिअरिंग नुसत्या बोटांच्या टोकांवर तोललेलं, अंगठे मोकळे. आवळून धरलं की स्टिअरिंग बोलत नाही, असं ते सांगायचे. परत आल्यावर दार उघडता उघडताच निदान व्हायचं. डावा टाय रॉड गेलाय. शॉकअपच्या वरचं रबर बसलंय. रॅकचा बुश ढिला आहे. धाकटा गाडी उचलून बघायचा तर नेमकं तेच निघायचं. सत्तावीस वर्षं हे असं चाललं, आणि वैद्यांना आपल्या हाताचा गर्व नव्हता असं काही म्हणता यायचं नाही.

बोटं आधी थंडीत पांढरी पडू लागली. सकाळी शटर उचलताना चारही बोटांची टोकं मेणबत्तीसारखी दिसायची. चोळली की मुंग्या यायच्या, मग लाली यायची. पुढच्या वर्षी मुंग्या दिवसभर मुक्कामाला राहिल्या. मग त्याही गेल्या आणि वैद्यांना जरा हायसं वाटलं, पण मुंग्यांबरोबर बाकीचंही गेलं होतं. लहान नट चिमटीतून कधी निसटला हे तो फरशीवर वाजल्यावर कळायचं. घरी त्यांनी शर्ट घालणं सोडलं आणि गळ्यातून घालायचे टी-शर्ट आणले. बायकोने विचारलं तर म्हणाले, गॅरेजात बटणं कशात तरी अडकतात. एकदा चहाचं उकळतं पातेलं त्यांनी चिमट्याशिवाय गॅसवरून उचललं आणि सावकाश ओट्यावर ठेवलं. बायको बघत राहिली. दुसऱ्या दिवशी बोटांवर टरारून फोड आले तेव्हा तिने मलम लावलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. हा माणूस एखादी गोष्ट झाकू लागला की उघडायला जाऊ नये, आणखी मिटतो, हे तिला पंचवीस वर्षांच्या संसारात पाठ झालेलं होतं.

गॅरेजात तर त्यांनी कुणाला सुगावाच लागू दिला नाही. टाकीची फेरी चालू ठेवली. फक्त आता ते गिऱ्हाइकाला अर्ध्यावर थांबवत नसत. सगळं बोलू द्यायचे, मध्येच विचारायचे, वळताना होतं का, ब्रेक दाबल्यावर होतं का. कान शाबूत होते, डोळे होते, आणि एवढ्या वर्षांचा अनुभव काही कुठं गेला नव्हता. त्यावर दहातल्या सात गाड्यांचं बरोबर यायचं. उरलेल्या तिघांना ते सांगायचे, काही नाही झालेलं, बिनधास्त चालवा. वैद्यांनी सांगितलं म्हटल्यावर माणूस हलका होऊन जायचा.

सिस्टर या गॅरेजच्या जुन्या गिऱ्हाईक. मोठ्या इस्पितळात परिचारिका, चाळिशी ओलांडलेली, घरात त्या आणि त्यांची आई. एका सोमवारी त्या आपली छोटी निळी गाडी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, स्टिअरिंगमध्ये काहीतरी ठकठक होतंय. वैद्यांनी आवाज नेमका कधी येतो म्हणून विचारलं.

"आवाज नाहीच येत, वैद्यकाका," सिस्टर म्हणाल्या. "हातात लागतं. आतून कुणी टिचकी मारावी तसं. डावीकडे वळताना जास्त."

आवाज नाही म्हटल्यावर कानांचा काही उपयोग नव्हता. तरी नेहमीसारखी किल्ली घेतली आणि ते टाकीकडे निघाले. बोटांवर स्टिअरिंग तोललं. काही नाही. तळवे टेकवून बघितले. मग आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी मनगटाची आतली बाजू स्टिअरिंगला लावली, आणि एका वळणावर तर पुढे वाकून कोपर टेकवलं. खड्ड्यांचे दणके खांद्यापर्यंत येत होते, पण त्या दणक्यांमधून वेगळी अशी काही टिचकी त्यांना निवडता येईना. टाकीखाली त्यांनी गाडी वळवली.

परत येऊन त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाक वरखाली धरून हलवलं. या कामाची रीत अशी की एकाने चाक हलवायचं आणि दुसऱ्याने खालून बॅटरी मारून सांधा हलतो का ते बघायचं. धाकटा शेजारीच, गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात, इंजिन उघडून बसला होता. एक हाक मारायचा अवकाश होता. पण धाकटा खाली वाकला असता, सांधा हलताना त्याला दिसला असता, आणि मग वर बघून त्याने विचारलं असतं की दादा, तुला हे लागलं नाही? वैद्यांनी हाक मारली नाही. उखडलेल्या रस्त्यांनी पहिले जातात ते लिंक रॉड, म्हणून त्यांनी दोन्ही लिंक रॉड बदलले.

पाच दिवसांनी सिस्टर परत आल्या. ठकठक तशीच होती. वैद्यांनी शॉकअपवरची रबरं बदलली. त्यानंतर आठवड्याने त्या तिसऱ्यांदा आल्या, या वेळी जरा ओशाळल्यासारख्या, जणू दोष त्यांचाच होता. पुन्हा टाकीची फेरी झाली. वैद्य उतरले तेव्हा सिस्टरांनीच त्यांना सुटायची वाट करून दिली.

"काका, मलाच भास होत असेल का हो?"

वैद्यांनी हात फडक्याला पुसले. पुसण्यासारखं काही नव्हतं. "असेल," ते म्हणाले. "नाइट ड्युट्या करता तुम्ही. दमलेल्या माणसाच्या हातांना होतं असं. गाडी खणखणीत आहे."

सिस्टरांनी मान डोलावली, आभारही मानले. वैद्य त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. गाडीखाली शिरून पाठ टेकली की कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून ते संध्याकाळपर्यंत एका गाडीखालून दुसऱ्या गाडीखाली जात राहिले.

तीन आठवडे काही झालं नाही. चौथ्या आठवड्यात सिस्टर आईला डोळे तपासायला घेऊन निघाल्या होत्या. इस्पितळाच्या फाटकात शिरायला डावीकडे वळताना पुढचं डावं चाक एकाएकी आडवं पडलं, गाडी फूटपाथवर चढली आणि भिंतीला जाऊन भिडली. वेग फार नव्हता. सिस्टरांना खरचटलं तेवढंच. पण आई शेजारी बसली होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, तिचं खांद्याजवळचं हाड मोडलं.

गाडी ओढून आणली गेली ती अर्थातच याच गॅरेजात. धाकट्याने बघताक्षणी सांगितलं, खालचा बॉल जॉइंट. चाक ज्या सांध्यावर तोललेलं असतं तो सांधाच खोबणीतून उपसून बाहेर आला होता. एका दिवसात होणारं हे काम नाही, म्हणाला, महिना दीड महिना तो आत ठोकत असणार. मग त्याने सहज उजवं चाक उचललं, वरखाली हलवलं आणि भुवया चढवल्या.

"हाही गेलाय. दादा, बघ जरा."

वैद्यांनी चाक धरलं. हलवलं. पुन्हा हलवलं. धाकटा त्यांच्या तोंडाकडे बघत होता, आणि चाकाकडे वळायचं सोडून तो तिथंच बघत राहिला.

"लागत नाही तुला?" त्याने हळूच विचारलं.

वैद्यांनी चाक सोडलं. धाकट्याने खिशातून एक चपटा वॉशर काढला, मोठ्या भावाचा हात आपल्या हातात घेतला, त्याला डोळे मिटायला सांगितलं आणि वॉशर बोटांच्या टोकांवर ठेवला. काय ठेवलंय, विचारलं. वैद्य म्हणाले, ठेव ना, मिटलेत डोळे.

धाकट्याने वॉशर उचलून घेतला. तो खड्ड्याच्या काठावर बसला. एवढंच म्हणाला, "मी शेजारच्या खड्ड्यात होतो रे, दादा. तीनही वेळा."

दुसऱ्या दिवशी बायकोने वैद्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी सुया लावून पाहिल्या, आलेख काढले, आणि हवेची गन किती वर्षं चालवताय म्हणून विचारलं. नट सोडवायची ती थरथरणारी गन आणि ग्राइंडर, सत्तावीस वर्षं, रोज. डॉक्टर म्हणाले, बोटांच्या नसा मेल्यात, त्या थरथरीने. आजपासून हातात गन धरली नाही तर आहे तेवढं राहील. गेलेलं येणार नाही. बायकोने दोनदा विचारलं, काहीच उपाय नाही का, आणि डॉक्टरांनी दोनदा तेच सांगितलं. बाहेर आल्यावर ती म्हणाली, मला भाजलेल्या दिवशीच कळलं होतं, मी बोलायला हवं होतं. त्यावर वैद्य तिच्यावर खेकसले, आणि तिच्या चार पावलं पुढे चालू लागले.

सिस्टरांकडे जायला त्यांना आणखी चार दिवस लागले. दोन खोल्यांचं घर, दुसऱ्या मजल्यावर. आई पलंगावर उशांना टेकून बसलेली, हात गळ्यात बांधलेला. ती वैद्यांना ओळखत नव्हती. लेकीच्या ओळखीचे कुणी आले म्हणून तिने चांगली विचारपूस केली, बसायला सांगितलं, आणि हाताला काय झालं ते स्वतःच सांगू लागली. गाडीचं चाकच निघालं हो, म्हणाली, दैव बलवत्तर म्हणून वाचलो. सिस्टर त्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि दार लोटून घेतलं.

वैद्यांनी वाटेत वाक्यं जुळवून आणली होती. त्यातलं एकही तोंडातून निघेना. "माझी बोटं," एवढं म्हणून ते अडले.

"तुमच्या भावाने सांगितलंय मला," सिस्टर म्हणाल्या. त्या चिडलेल्या दिसत नव्हत्या, दमलेल्या दिसत होत्या. "आईचं हाड जुळेल म्हणतात. या वयात किती जुळेल ते बघू. ते मी सोसेन. पण भास होतो म्हणालात ना, ते मी खरं धरलं. मला शीर डोळ्यांनी नाही सापडत, काका, बोटाला सापडते. तीन आठवडे मी पेशंटच्या हातावर बोट ठेवायची आणि मनात यायचं, ही शीर आहे की भास? एका लहान मुलीला मी चारदा टोचलं. एकोणीस वर्षांत कुणाला चारदा टोचलं नव्हतं मी. ती रडत होती आणि मी पाचव्यांदा दुसरीला बोलावलं."

वैद्यांनी आपले हात पाठीमागे घेतले.

"मला सांगितलं असतंत तर काय झालं असतं?" त्या म्हणाल्या. "माझ्या वॉर्डात असले हात रोज येतात."

वैद्य दाराकडे वळले. निघताना आईने पुन्हा या म्हटलं. सिस्टरांनी म्हटलं नाही.

आता वैद्यांना गाड्या आठवू लागल्या. माणसांची नावं त्यांना कधी लक्षात राहत नसत, गाड्या मात्र रंगासकट, ओरखड्यांसकट राहत. गेल्या दोन वर्षांत ज्यांना ज्यांना त्यांनी बिनधास्त चालवा म्हणून पाठवलं होतं, त्या गाड्या त्यांनी धाकट्याला एकेक करून सांगितल्या. दारामागच्या भिंतीवर गिऱ्हाइकांचे फोन नंबर पेन्सिलीने लिहिलेले असत, त्यातून धाकट्याने नंबर शोधले आणि दुपारी काम थांबवून तो एकेकाला फोन करू लागला. सेहेचाळीस गाड्या निघाल्या. फुकट तपासून देतो, म्हटल्यावर बहुतेक जण आले. पलीकडच्या गल्लीतला एक मेस्त्री चाक हलवायला यायचा आणि धाकटा खालून बघायचा. वैद्य बाजूला स्टुलावर बसून राहायचे.

अकरा गाड्यांत काही ना काही सापडलं. चारांत असं सापडलं की मेस्त्रीने जीभ चावली. सुरुवातीला धाकटा गाडीखालून सांगायचा, दादा, हे बघ. तिसऱ्या गाडीनंतर त्याने सांगणं सोडलं, नुसताच सुटा भाग काढून मागे ठेवून द्यायचा. गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. कुणी म्हणालं, वैद्य, तुमचाही हात चुकतो म्हणजे आता आमचं काय. कुणी हसून सोडून दिलं. शाळेची गाडी चालवणाऱ्या एका बाईंनी सगळं ऐकून घेतलं, किल्ली उचलली आणि गाडी तशीच दुसरीकडे घेऊन गेल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही, आणि वैद्यांना त्यांचंच वागणं सगळ्यांत बरोबर वाटलं.

पंचेचाळीस गाड्यांचा पत्ता लागला. काही विकल्या गेल्या होत्या, त्यांच्या नव्या मालकांपर्यंत धाकटा पोचला. काही दूरच्या गावी होत्या, त्यांना फोनवर समजावून सांगितलं. एक उरली.

ती गाडी या गावची नव्हतीच. करड्या रंगाची, जुनी, छपरावर गाद्या आणि एक उलटं टेबल दोरीने बांधलेलं. घर हलवून कुठंतरी लांब निघालेलं कुटुंब होतं. नवऱ्याने मोठ्या रस्त्यावरून पाटी बघून गाडी आत घेतली होती आणि विचारलं होतं, हातात सारखं काहीतरी ठोकतंय, अजून दोन दिवसांचा रस्ता आहे, जाऊ ना? वैद्यांनी सगळं कुटुंब उतरवून घेण्याचीही तसदी घेतली नव्हती. नवऱ्याच्या जागी बसून ते टाकीपर्यंत जाऊन आले होते. मागच्या सीटवर बोचक्यांच्या मधोमध एक मुलगी बसली होती, मांडीवर बरणी, बरणीत एक लाल मासा. खड्डा आला की ती बरणीवर तळहात झाकायची. वैद्य तिला आरशात बघून म्हणाले होते, तुझ्या माशाला गाडी लागली तर मला सांग हो. ती हसली होती. मग त्यांनी नवऱ्याला किल्ली दिली आणि म्हणाले, काही नाही झालेलं, बिनधास्त जा.

नंबर घेतला नव्हता. नाव विचारलं नव्हतं. कुठं निघाले तेही विचारलं नव्हतं. धाकट्याने मोठ्या रस्त्यावरच्या दोन गॅरेजांत आणि पेट्रोल पंपावर चौकशी केली. वर्ष उलटून गेलेलं, कुणाला काय आठवणार.

वैद्य आता गॅरेजात जात नाहीत. धाकट्याने खूप आग्रह केला, नुसता येऊन बस म्हणाला, लोकांशी बोल. ते काही दिवस गेले. पण कुणी ना कुणी किल्ली पुढं करून म्हणायचंच, वैद्य, जरा एक फेरी मारून सांगा ना, आणि मग धाकट्याला मध्ये पडावं लागायचं. त्याचंच अवघडलेपण बघवेना म्हणून त्यांनी जाणं बंद केलं.

दुपारी ते चालत मोठ्या रस्त्यापर्यंत जातात आणि वळणापाशी, जिथं गाड्या हळू होतात, तिथं कठड्यावर बसतात. करडी गाडी दिसली की उठून उभे राहतात. एकदा एका गाडीमागे ते बरंच अंतर धावले. थांबलेला माणूस वेगळाच निघाला. त्याने काय पाहिजे विचारलं, आणि वैद्यांनी त्यालाही विचारून घेतलं, स्टिअरिंगमध्ये हातात काही लागतं का. तो काच वर करून निघून गेला.

उन्हं कलली की बायको त्यांना न्यायला येते. पहिले काही दिवस ती लांबूनच हाक मारायची. आता जवळ येऊन बसते, थोडा वेळ तीही गाड्या बघते. तिलाही रंग ओळखता येऊ लागलेत.

"अहो, पोचले असतील ते," ती परवा म्हणाली. "केव्हाच पोचले असतील. तसं काही झालं असतं तर आपल्याला कळलं नसतं का?"

"कुणी कळवलं असतं?" वैद्य म्हणाले.

एक टेम्पो वळणावर हळू झाला आणि पुढे गेला. ती उठली, पदर झटकला, आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवू लागली.